राजाच्या नावाने

ज्या दिवशी डोंगरात राजाच्या थडग्याचं दार सापडलं, त्याच दिवशी भर दुपारी दहबाच्या दारात कुणीतरी पाणी मागितलं.

ती आत परातीपाशी बसली होती. उन्हात फुगायला ठेवायच्या भाकरींचे गोळे करत होती. नाईलकाठच्या नगा सुहेल या वस्तीत उन्हं तापली की कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. शहाणी माणसं त्या वेळी दार उघडत नाहीत, कारण ती वेळ माणसांची नसते. पण आवाज इतका जवळून आला की दहबाला ते सुचलंच नाही.

"आई, पाणी."

आवाज तरुण होता. घसा कोरडा पडलेला. दहबा पिठाच्या हातांनी तशीच उठली, खिडकीतला पाण्याचा खुजा उचलला आणि दार उघडलं. गल्ली पांढरीफटक पडली होती. समोरच्या भिंतीला टेकून गाढव उभ्या उभ्या पेंगत होतं. बाकी ना माणूस, ना माणसाची सावली. धुळीत तिच्याच कोंबडीच्या पायांचे ठसे होते.

ती खुजा हातात धरून तिथंच उभी राहिली. मग डोंगराच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला आणि माणसं घराघरांतून बाहेर पडली. गोऱ्या साहेबांचा खोदकामाचा हंगाम संपत आला होता, तंबू आवरायला लागले होते, आणि नेमकं आजच मुकादम महरानच्या माणसांना कड्याच्या पोटात कोरलेलं दार लागलं होतं. दारावर शिक्का होता. आत राजा होता म्हणे.

दहबाला राजाचं काही नव्हतं. ती त्या गर्दीत एकच चेहरा शोधत होती.

बखीत, तिचा एकुलता एक मुलगा, लढाईच्या वर्षांत गेला होता. इंग्रजांना मजूर हवे होते आणि गावच्या पाटलाला माणसं मोजून द्यायची होती. शेतावरून पोरं धरून नेली, एका दोराला बांधून नावेत बसवली. शामच्या वाळवंटात, पार सीरियाकडे, रूळ टाकायला नेताहेत, एवढंच कळलं. लढाई संपली. काही परत आले, काहींची खबर आली. बखीत आला नाही आणि त्याची खबरही आली नाही. दहबासाठी याचा अर्थ सरळ होता. तो वाटेत होता.

आणि ही दहबा म्हणजे पंचक्रोशीतली पहिली विलाप करणारी. कुणी गेलं की मशिदीतल्या शेखच्या आधी तिला बोलावणं जायचं. डोक्याला निळीचं फडकं बांधून, कपाळाला चिखल फासून ती बायकांच्या घोळक्यात उभी राहिली की ज्याला मेलेला माणूस आवडत नसे तोही हुंदके द्यायचा. ती आधी घरच्यांना विचारून घ्यायची, काय आवडीनं खायचा, कुणाला काय नावानं हाक मारायचा, आणि मग त्यातूनच ओळी गुंफायची. सगळ्या गावाचे मेलेले तिने रडून वाटेला लावले होते. बखीतसाठी मात्र तिच्या तोंडून एक ओळ निघाली नव्हती. एकदा तिची जाऊ डोक्याला निळं फडकं बांधून आली, तर दहबाने तिला उंबऱ्यावरूनच हाकललं होतं. "जित्या माणसासाठी गळा काढायला आलीस होय गं!"

दुसऱ्या दुपारी आवाज पुन्हा आला. तिसऱ्या दुपारीही. दहबा धावत जायची आणि रिकाम्या गल्लीकडे बघत उभी राहायची. मग तिने भरलेला खुजा उंबऱ्याबाहेरच ठेवायला सुरुवात केली. संध्याकाळी त्यातलं पाणी कमी झालेलं असायचं.

"उन्हानं आटतं गं," फहीमा म्हणाली. फहीमा तिची जोडीदारीण. दहबा गायची तेव्हा डफ फहीमाच्या हातात असायचा. "नाहीतर ते माझं मेलं गाढव पीत असेल. माझ्या नवऱ्याइतकंच फुकटं आहे ते."

"गाढव आई म्हणून हाक मारतं?"

फहीमाच्या तोंडावरचं हसू गेलं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मग तो असेल. तो राजा. दार फोडलंय ना त्याचं. हजारो वर्षं आत बंद, तहान लागणारच की. पाटलाची म्हैस आटली. खणणाऱ्यांतला एक जण तापानं फणफणलाय, कुठल्यातरी भाषेत बरळतोय म्हणे. सगळं गाव तेच बोलतंय, बखीतची आई. आणि तू बसलीस त्याला पाणी पाजत!"

"राजा मला कशाला आई म्हणेल?"

 फहीमाने चहात आणखी साखर घातली आणि नजर चुकवली.

त्याच आठवड्यात गिरणीवाल्याची आई वारली. भरल्या घरातली म्हातारी, नातवंडं-पतवंडं बघून गेलेली. असा विलाप म्हणजे दहबाच्या डाव्या हातचा मळ. तिने ओळी मनात जुळवूनसुद्धा ठेवल्या होत्या. म्हातारीच्या हातची चिंचेची आमटी, तिची काठी, सुनांवर ओरडायची तिची तऱ्हा. अंगणात बायका जमल्या, फहीमाने डफावर पहिली थाप मारली, दहबाने हात वर केले आणि तोंड उघडलं.

"कुणी मिटले रे डोळे तुझे, कुणाचा तो हात,
परक्या वाळूत निजलास, नाही कुणी सोबत."

फहीमाची थाप चुकली. गिरणीवाल्याच्या बहिणी एकमेकींकडे बघू लागल्या. दहबाने स्वतःला आवरलं, म्हातारीच्या काठीची ओळ जिभेवर आणली, आणि तोंडातून बाहेर पडलं ते दुसरंच.

"तहान लागली तर, रे, हाक कुणाला मारशील,
तिथल्या विहिरी परक्या, दोर कुणाचा धरशील?"

अंगावर काटा यावा असा तो आवाज होता. तिचाच, पण कुणीतरी आतून ओढून काढल्यासारखा. मागच्या रांगेतल्या एका बाईने हंबरडा फोडला. तिचाही भाऊ दोराला बांधून नेलेल्यांत होता. मग दुसरी, मग तिसरी. म्हातारी खाटेवर तशीच राहिली आणि अंगणभर बायका भलत्याच कुणासाठी ऊर बडवू लागल्या. त्या गलक्यात कुणीतरी हळूच म्हणालं, "चला, रडली एकदाची. बखीतला रडली."

दहबाने ते ऐकलं. तिने डोक्याचं फडकं ओढून काढलं.

"कोण म्हणालं ते? पुढं ये! बखीत जिता आहे. हा त्या डोंगरातल्याचा विलाप आहे. त्या राजाचा! तोच बोलतोय माझ्या तोंडून. त्याला कुणी रडलं नसेल, म्हणून माझ्या मानगुटीवर बसलाय."

ती तिथून निघाली ती थेट घरी. त्यानंतर तिला बोलावणी येईनाशी झाली. गिरणीवाला वाटेत दिसला तर तोंड फिरवायचा. शेखने शुक्रवारी सांगितलं की मेलेल्यांसाठी किंचाळणं पापच आहे आणि त्याचं फळ बघा. दुपारी मात्र आवाज यायचा. दहबा आता दाराला पाठ लावून बसायची आणि कान झाकायची. आपण म्हणालो ते खरं असलं पाहिजे, असं ती स्वतःला सांगत राहायची. राजा तरुण असला पाहिजे. परमुलखात पडलेला, घरापासून दूर. तो तसाच निघाला, तर मग हे ओझं त्याचं. बखीतचं नाही.

शेवटी ती महरानकडे गेली. महरान तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, खोदकामावरचा मुकादम. खांद्यावर शाल, हातात काठी, आणि मजुरांवर ओरडून ओरडून घोगरा झालेला आवाज.

"भाऊजी, मला आत न्या."

"कुठं आत?"

"राजाला बघायचंय."

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना? साहेब मलाच ओलांडू देत नाही तो उंबरा, पाय पुसल्याशिवाय. बाईमाणूस तिथं कशाला?"

"तुमच्या साहेबानं त्याला उठवलं आणि तो माझ्या घरी येतोय. मग मला त्याचं तोंड तरी बघू द्या."

महरानने काठीने जमिनीवर रेघा ओढल्या. "आणि बघून काय करणार?"

"ओळखणार," दहबा म्हणाली. "हाच तो की नाही, ते."

महरानची काठी थांबली. त्याला कळलं होतं असं वाटतं. "उद्या साहेब नदीपलीकडे जाणार आहे," तो म्हणाला. "लबीब एफेंदी असतील तेवढे. त्यांना विचारतो. भला माणूस आहे, नाही म्हणायला लाजतो."

लबीब एफेंदी हा कैरोहून आलेला सरकारी अधिकारी. लाल तुर्की टोपी, घामाने भिजलेली कॉलर. त्याने खरंच नाही म्हटलं नाही. "कशाला हात लावू नका, आई, एवढंच," तो म्हणाला आणि पुढे झाला. दहबाच्या मागोमाग महरान उतरला.

उतरती वाट डोंगराच्या पोटात गेली होती. बाहेर एक जण मोठा आरसा धरून उभा होता, आतल्या वळणावर दुसरा, आणि उन्हाचा पट्टा एका आरशातून दुसऱ्यावर उडी मारत खाली उतरत होता. मजुराचा हात हलला की सगळ्या भिंती हलायच्या. हवा जुन्या कोठारासारखी होती. एका भिंतीवर बायका रंगवलेल्या होत्या. दोन्ही हात वर, केस मोकळे, डोळ्यांखाली ओघळ. दहबा थबकली. त्यांच्यातली पुढची अगदी फहीमासारखी रुंद खांद्यांची होती.

"या रडताहेत," ती म्हणाली.

"हो. त्याच्यासाठी."

"म्हणजे याला रडायला बायका होत्या?"

"पुष्कळ," लबीब म्हणाला. "या, इकडून. वाकून."

आतल्या खोलीत दगडी पेटी होती, तिचं झाकण फार पूर्वी मागची भिंत फोडून शिरलेल्या चोरांनी फोडलेलं. त्यांनीच राजाच्या अंगावरच्या पट्ट्या ओरबाडल्या होत्या, त्यामुळे चेहरा उघडा होता. लबीबने खूण केली. उन्हाचा पट्टा सरकत आला आणि त्या चेहऱ्यावर थांबला.

दहबाने पाहिलं. चिंचोळं नाक, चामड्यासारखी काळी कातडी, कवटीवर उरलेले चार केस. गाल आत गेलेले. तिने इतके मेलेले पाहिले होते की भीती वाटायचं कारण नव्हतं. तरी तिने पेटीची कड धरली.

"किती वयाचा होता हा?"

"म्हातारा होता, आई. फार म्हातारा."

"नीट बघून सांगा एफेंदी. उपाशी राहिलं की माणूस असाच दिसतो. तहानेनं वाळला की असाच दिसतो."

"केस बघा ना. पांढरे आहेत, वर मेंदी लावलेली. आणि दात बघा, झिजून सपाट झालेत. माझे आजोबा गेले तेव्हा असेच होते."

"लढाईत गेला असेल. लांब कुठंतरी."

लबीबने मान हलवली. तो हळू बोलत होता, आजारी माणसाशी बोलावं तसा. "नाही. बहुतेक घरीच गेला, आपल्या अंथरुणात, याच नदीच्या काठी. मुलं, नातवंडं, सगळं बघून. काही मुलं त्याच्या आधी गेली असतील म्हणा. इतकं जगलं की तेही बघावं लागतं."

"त्याला तहान लागत असेल का हो?"

लबीबला हा प्रश्न कळला नाही. त्याने आरसेवाल्याला सांगून उजेड भिंतीवर फिरवला. तिथं भाकरींच्या चळती होत्या, बदकं होती, अंजिरं होती, आणि एक बाई झाडाच्या फांदीतून हात काढून वाकलेल्या माणसाच्या ओंजळीत पाण्याची धार ओतत होती. निळी रेघ, अजून ओली वाटावी अशी.

"हे सगळं त्याच्यासाठी काढून ठेवलंय," लबीब म्हणाला. "त्याला नाही तहान लागणार."

 महरानने दहबाचा दंड धरला आणि तिला वाटेकडे वळवलं. वर येताना ती त्या रंगवलेल्या बायकांसमोरून गेली, पण तिने तिकडे पाहिलं नाही.

बाहेर ऊन डोळ्यांत घुसलं. फहीमा आणि आणखी पाच-सहा बायका ढिगाऱ्याजवळ वाट बघत होत्या.

"कसा होता गं?" फहीमाने विचारलं. "बघितलास?"

दहबाने ओढणीने तोंड पुसलं. महरान मागेच उभा होता.

"तरुण," ती म्हणाली. "पोरगेला. नुकतं मिसरूड फुटलेलं. ओठ कोरडे पडले होते गं त्याचे."

महरान एकदम वळला आणि काही कारण नसताना टोपल्या वाहणाऱ्या मजुरांवर खेकसू लागला.

त्याच दुपारी दहबाने खुजा भरला, उंबऱ्याबाहेर ठेवला, आणि या वेळी दाराकडे तोंड करून बसली. आवाज आला.

"आई, पाणी."

ती उठली नाही.  "तिथंच ठेवलंय, बखीत," ती म्हणाली. "थंड आहे. पी, माझ्या बाळा."

दारापलीकडे मातीचा खुजा दगडाला घासल्याचा आवाज झाला. मग घटघट पाणी पिण्याचा. दहबा डोळे मिटून ऐकत राहिली. तिला वाटत होतं, धावत जावं, दार उघडावं. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. बऱ्याच वेळाने ती बाहेर गेली तेव्हा खुजा आडवा पडला होता आणि आत थेंब नव्हता. त्यानंतर दुपारी कुणी हाक मारली नाही. शांत झालेली ती दुपार दहबाला आवाजापेक्षा जड गेली.

राजाला कैरोला न्यायचं ठरलं. लाकडी पेटी, वर ताडपत्री, खांद्याला आठ माणसं, पुढे काठी घेऊन महरान. कापणी झालेल्या गव्हाच्या शेतांतून ती मिरवणूक नदीकडे निघाली. काठावर वाफेवर चालणारी सरकारी नाव धूर ओकत उभी होती. आणि बंधाऱ्यावर गावातल्या बायका उभ्या होत्या. शेजारच्या वस्त्यांतूनही आल्या होत्या. पोरगेला राजा, घरापासून दूर तहानेनं गेलेला, ही खबर तेवढ्यात सगळीकडे पसरली होती.

दहबा पुढे होती. डोक्याला निळं फडकं, कपाळाला नदीचा चिखल. तिने फहीमाकडे पाहून मान हलवली.

"कुठं शोधू तुला, माझ्या राजा, कुठल्या वाळूत जाऊ,
मेंदी भिजवली होती रे, आता कुणाला लावू?

दोर बांधून नेलं, राजा, मी बंधाऱ्यावर होते,
तू मागे वळून बघितलंस, मी हात हलवत होते."

डफ चुकला नाही. बायकांनी ओळ उचलली. राजा, माझ्या राजा. कुणी ओंजळीने माती डोक्यावर घेत होतं, कुणी आपलं वस्त्र गळ्यापासून खाली फाडत होतं. ज्यांचे परत आले नव्हते त्या सगळ्या तिथं होत्या, आणि राजाला दोर बांधून कुणी नेलं हे त्यांच्यातल्या एकीनेही विचारलं नाही. शेख थोड्या अंतरावर आला, काही बोलण्यासाठी हात वर केला, आणि तसाच खाली घेतला.

नावेच्या कठड्यापाशी लबीब एफेंदी टोपी काढून उभा होता. त्याच्या शेजारचा गोरा साहेब त्याला काहीतरी विचारत होता, बहुधा या काय म्हणताहेत असं.  लबीबने एक-दोन शब्दांत काहीतरी उत्तर दिलं.

नाव सुटली. दहबा पाण्यात गुडघ्यापर्यंत गेली होती. फहीमाने डफ टाकला आणि तिला कमरेला धरून मागे ओढलं. तेव्हा कुठं दहबाचा आवाज फाटला आणि नुसती किंकाळी उरली. त्यात राजा नव्हता, कुणाचंच नाव नव्हतं.

त्या दिवशी दहबाने चूल पेटवली नाही. संध्याकाळच्या आत फहीमा डोक्यावर मोठं ताट घेऊन आली. मसुरीची आमटी, भाकरी, कांदा, सुक्या भेंडीची भाजी. ज्या घरचं माणूस गेलं त्या घरी शेजाऱ्यांनी न्यावं, तसं सगळं.

"हे कशाला?" दहबा म्हणाली.

"राजा गेला ना तुझा," फहीमा म्हणाली आणि ताट खाली ठेवलं. "खा मुकाट्यानं. दुसऱ्यांना रडवून दमली असशील."

मग एकेक करून बायका येत गेल्या आणि भिंतीला पाठ लावून बसल्या. जाऊसुद्धा आली, उंबऱ्यावर क्षणभर थांबली. दहबाने तिच्यासाठी चटई सरकवली. गिरणीवाला दारातूनच बोलून गेला. अंधारायच्या बेताला महरान आला. तो आत आला नाही. काठी बाहेर टेकवली, घसा साफ केला, आणि दरवेळी अशा घरी जे म्हणतात ते म्हणाला.

"त्याचं उरलेलं आयुष्य तुला लाभो, वहिनी."

 या शब्दांना एक उत्तर असतं आणि ते दिलं की माणूस गेलाच. दहबाने ते उत्तर इतरांच्या घरी कितीदा ऐकलं होतं.

"आणि तुम्हालाही लाभो, भाऊजी," ती म्हणाली.

महरान मान खाली घालून उभा राहिला. फहीमाने नाक ओढलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि दहबाच्या हातात कोंबला. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून जाऊच बोलली.

"बाई, किती वांड होता तो. आठवतं? आमच्या झाडाचे खजूर चोरून न्यायचा. वर चढला आणि खाली उतरता येईना, तर संध्याकाळपर्यंत वरच बसून रडत होता."

एक-दोघी हसल्या आणि दचकून थांबल्या.

"खजूर नव्हे," दहबा म्हणाली. "पेरू. तुमच्या खजुराला कोण विचारत होतं? किडके असायचे. आणि रडत कुठं होता, वरून गाणं म्हणत होता तो. तुझ्या नवऱ्याला शिव्या घालणारं."

"माझ्या नवऱ्याला?"

"बस, सांगते," दहबा म्हणाली, आणि हातातला तुकडा आमटीत बुडवला.